एका तासाची मोजणी

डास मेला की नाही, हे ठरवायला चोवीस तास लागतात. मी ते एका तासात ठरवत होतो, आणि त्याबद्दल मला कोणी कधी काही विचारलं नाही.

माझी नोकरी काय ते ऐकलं की लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस घास हातात धरून थांबतो. मी तोंडाने डास ओढतो. काचेची एक नळी, तिला जोडलेली रबराची लांब नळी, मध्ये बारीक जाळी, आणि रबराचं टोक माझ्या दातांत. पहाटे गोठ्याच्या भिंतीवर रक्त पिऊन सुस्तावलेली डासाची मादी बसलेली असते. तिच्यावर बॅटरीचा उजेड टाकायचा, काचेची नळी हळूच तिच्यावर धरायची आणि श्वास आत घ्यायचा. ती नळीत. जाळी फाटलेली असली तर ती थेट पोटात, आणि तसंही दोनदा झालेलं आहे. मलेरिया पसरवणारी मादी ओळखायला सोपी. बाकीचे डास भिंतीला धरून आडवे बसतात. ही बया बूड वर करून, डोकं खाली घालून बसते. भर पंगतीत पाट सरकवून मी ती बैठक करून दाखवतो. मुलं हसतात, बायका पदर तोंडाला लावतात, आणि यजमान मला जिलबी जास्त वाढतात.

दादाच्या मुंजीच्या वेळचा फोटो सोडला तर आमच्या घरात मी नसताना कुणाला हसताना मी पाहिलेलं नाही. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. हातखंब्याच्या आतल्या अंगाला, कातळावर, आमची हापूसची बाग आहे. ती त्याने सांभाळली आणि मी नोकरी सांभाळली. काही वर्षांपूर्वी आंबे काढताना तो झाडावरून पडला. झाडावरून माणसं पडतातच, पण दादा चिऱ्यांच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर पडला आणि आत प्लीहा फुटली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ती काढून टाकली. घरी पाठवताना ते दादाशी बोललेच नाहीत, वहिनींना बाजूला घेऊन बोलले. प्लीहा नसलेल्या माणसाला ताप आला तर तो साधा समजायचा नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि मलेरियापासून तर चार हात लांब ठेवायचं, याला तो झेपणार नाही. वहिनींनी ते कागदावर उतरवून घेतलं.

आणि हा माणूस आंब्याच्या हंगामात मांगरात झोपायचा. मांगर म्हणजे आमच्या बागेतली कौलारू खोपी. एका बाजूला दोन गाई, दुसऱ्या बाजूला फवारणीचा पंप, पेट्या, गवत आणि दादाची बाज. बाहेर दहा पावलांवर फवारणीसाठी पाणी साठवायची सिमेंटची टाकी, वर उघडी. डासांसाठी याहून सोयीची जागा कुणी मुद्दाम बांधली नसती.

"घरी झोप," मी म्हणायचो.

"आणि वानरांना काय घरचा पत्ता देऊ?" दादा म्हणायचा. "पहाटेला येतात मेले. मी हितं नसलो तर पेटी पन भरायची नाय."

मग दरवर्षी आमचा ठराव व्हायचा. मी मांगराच्या भिंतींवर सरकारी औषध मारून घ्यायचं, औषध लावलेली मच्छरदाणी द्यायची, मांगरातले डास पकडून कार्यालयात न्यायचे आणि त्या औषधाने ते मरतात की नाही ते तपासायचं. मेले, तर दादाने झोपायचं. नाही मेले, तर वानरांनी खुशाल आंबे खायचे. वहिनी दारात उभ्या राहून हा ठराव ऐकायच्या आणि दादाला म्हणायच्या, "भावजी हो म्हणतील तरच हां." त्या घरात माझ्या शब्दाला एवढी किंमत वर्षातून एकदाच मिळायची.

तपासणी कशी असते ते सांगतो. औषधात भिजवून वाळवलेला कागद गुंडाळून एका नळीत बसवतात आणि तिच्यात वीस-पंचवीस माद्या सोडतात. बाहेर पळायला जागा नाही, बसायचं तर कागदावरच. एक तास. पहिल्या दहा मिनिटांत त्या गरगरायला लागतात, पाय लुळे पडतात, मग एकेक खाली. तास संपला की नळीच्या तळाशी सगळ्या उताण्या. मग त्यांना स्वच्छ कागदाच्या नळीत घ्यायचं, वर साखरपाण्याचा बोळा ठेवायचा, ओल्या फडक्याखाली झाकायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उघडून मोजायचं. जी तेव्हा पडलेली, तीच मेलेली. ज्या डासाला औषध पचवता येतं तो नुसता बधिर होतो आणि काही तासांनी उठतो. हे मला माहीत होतं. नवीन लोकांना हे मीच शिकवायचो, डोळे मोठे करून, आवाज खाली आणून.

पण तपासणीचे दिवस म्हणजे शिमग्याच्या आधीचे दिवस, आणि शिमग्याच्या आधी आमच्या वाडीत नमनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, तालमी. वगातला राक्षस मी. पंचक्रोशीत माझ्यासारखा मरणारा माणूस नाही. उभ्याचा आडवा, गुडघे न वाकवता, फळी पडावी तसा. माद्या दुपारी चारला नळीत गेल्या की पाचला पडायच्या. दुसऱ्या दिवशीची मोजणी पाचला, आणि तालीम साडेपाचला, तीसेक किलोमीटरवर. मोजायला थांबलो तर सलग दुसऱ्या दिवशीही राक्षसाशिवाय तालीम. पहिल्या वर्षी थांबलो. दुसऱ्या वर्षीही थांबलो. दोन्ही वर्षी सगळ्या मेलेल्याच निघाल्या. तिसऱ्या वर्षी पहिल्याच दिवशी, पाचला, सगळ्या उताण्या पाहून मी दुसऱ्या दिवसाचा रकाना भरून टाकला. "सर्व मृत." आणि दुसऱ्या दिवशी चारचीच एसटी पकडली. त्यानंतर दरवर्षी तसंच. त्या वेळचे साहेब सही करून कागद पुढे पाठवायचे. पडलेला राक्षस पडद्यामागे जाऊन चहा पितो हे रोज अनुभवणारा माणूस मी, पण माझ्या डोक्यात त्याचा आणि नळीचा कधी संबंध आला नाही.

एका वर्षी मी दादाच्या टाकीत गप्पी मासे सोडले. हे मासे डासांच्या अळ्या खातात. कार्यालयाच्या हौदातून पिशवीत घालून, मांडीवर धरून, एसटीतून नेले. कंडक्टरने पिशवीचं तिकीट मागितलं तेव्हा मी म्हटलं, ही सगळी बारा वर्षांखालची आहेत. आठवड्याने दादाचा फोन.

"तुजे मासे वर आले."

"खेळतायत?"

"मेलेत. पोटं वर करून. अळ्या मात्र वळवळतायत." मग तो एवढा हसला की फोन वहिनींना द्यावा लागला. पाठीमागून ओरडत होता, "विचार त्याला! मासे मेले नि डास जगले, मग पगार कोनाला देनार सरकार?"

मी पण हसलो. पुढच्या कितीतरी पंगतींत तो किस्सा सांगितला. खरं म्हणजे मासे काय सांगत होते ते मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी दादा जे औषध मारायचा ते आणि आमचं भिंतीवरचं, मच्छरदाणीवरचं औषध, एकाच घराण्यातलं. त्याच्या डब्यावरचं बारीक अक्षर मी वाचलेलं होतं. पूर्वी तो मोसमात तीनदा फवारायचा, आता तुडतुडे ऐकत नाहीत म्हणून सात-आठदा. पंपाची नळी टाकीच्या काठावर ठेवायची, रिकामा डबा त्याच टाकीत विसळायचा. गप्पी मासे त्याने मेले. अळ्यांतल्या बऱ्याच मेल्या असतील, पण ज्या उरल्या त्या त्याच पाण्यात वाढल्या, आणि त्यांच्या लेकी दादाच्या मांगरात भिंतीवर येऊन बसल्या. त्यांना मी नळीत घालून एक तास तेच औषध दाखवत होतो.

शेवटच्या वर्षीही मार्चमध्ये मांगरातले डास आणले, पाचला पडले, रकाना भरला. दादाला फोन केला. "सगळे मेले. झोप बिनधास्त."

"राक्षस काय म्हनतोय?"

"तोही मरतोय. येतोस ना बघायला?"

तो आला होता. पुढच्या रांगेत बसून, मी पडल्यावर पहिली शिट्टी त्याची.

एप्रिलच्या शेवटी, आंबा ऐन भरात असताना, एका रविवारी मी बागेत गेलो. दादा गवतावर बसून पेट्या भरत होता. डोक्यावरचं ऊन असं की चिरे तापलेले, आणि तो अंगावर घोंगडी घेऊन बसलेला.

"काय रे, लग्न ठरलं की काय? शेला पांघरलायस," मी म्हटलं.

"अंगात कसर हाय कालपासनं." मग पेटीतला आंबा हातात फिरवत म्हणाला, "मलेरिया नसेल ना रे? तुजे डास बरोबर मेलेले ना?"

माझ्या खांद्याला कार्यालयाची पिशवी होती. तिच्यात बोट टोचायची सुई होती, काचपट्टी होती, पंधरा मिनिटांत सांगणारं किट होतं. ती पिशवी मी आंब्याच्या बुंध्याशी ठेवली आणि पेट्या भरायला बसलो. म्हटलं, "तुझ्या मांगरातला एकही उठलेला नाही. ऊन लागलंय तुला. वय झालं आता, झाडावर चढायचं बंद कर आणि खाली बसून आम्हाला शिव्या दे." मग मी ऊन लागलेल्या म्हाताऱ्याची नक्कल केली, काठी टेकत, वानरांना हाका मारत. दादा हसला. वहिनी कोकम सरबत घेऊन आल्या तेव्हा त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ऊन आहे, वहिनी."

संध्याकाळी मी निघालो. बुधवारी दुपारी तो पेट्यांवरच पडला. रत्नागिरीच्या दवाखान्यात रक्त तपासलं, मलेरिया निघाला, त्यातला वाईट. तिथून कोल्हापूर. मी आंबा घाटात रुग्णवाहिकेत त्याच्या पायाशी बसलो होतो. तो मधूनच वानरांवर ओरडत होता. शुक्रवारी पहाटे गेला.

पुढच्या दिवसांचं सांगण्यासारखं माझ्याजवळ फार नाही. दादाला मुलगा नाही, म्हणून सगळं मी केलं. न्हाव्याने विचारलं, मिशी ठेवू का? वगातल्या राक्षसाला मिशी लागते, एवढं माझ्या मनात आलं. काढ म्हटलं. भटजी सांगतील तिकडे पाणी सोडलं. माणसं येत होती, माझ्यासमोर बसत होती, आणि त्यांतल्या दोघांनी तरी मला हळूच विचारलं, काही तरी बोला हो, तुम्ही असे गप्प बसलात की भीती वाटते. मी चहा आणायला सांगितला. मला रडू येत नव्हतं, भूक लागत होती, आणि जेवल्यावर पुन्हा भूक लागत होती.

तेरावं झालं आणि मी कामावर गेलो. मलेरियाने माणूस गेला की चौकशी होते, ते आमच्याच कार्यालयाचं काम. मधल्या काळात साहेब बदलले होते. नवीन मॅडम सोलापूरकडच्या, कीटकशास्त्र शिकलेल्या, वयाने माझ्या निम्म्या. त्या मला काका म्हणतात. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, मांगरातले डास परत घ्यावे लागतील. तुम्ही नका येऊ, मी दुसऱ्या कुणाला नेते."

"दुसऱ्याला जागा सापडणार नाही," मी म्हटलं.

पहाटे आम्ही गेलो. बाज तशीच होती, मच्छरदाणी वर गुंडाळलेली. मच्छरदाणीच्या आतल्या बाजूला तीन माद्या बसल्या होत्या, पोटं रिकामी. भिंतीवर, गाईंच्या मागे, बूड वर करून कितीतरी. मी नळी दातांत धरली आणि ओढायला लागलो. मॅडम कप पुढे करत होत्या. पन्नासेक झाल्या तेव्हा म्हणाल्या, पुरे. मी आणखी दहा घेतल्या.

चारला नळीत सोडल्या. पाचला सगळ्या उताण्या. मी सवयीने उठलो, पेन खिशाला लावलं, पिशवी उचलली.

"कुठे निघालात, काका?"

"झालं ना."

"काय झालं? अजून तर काहीच झालेलं नाही." त्यांनी माद्या दुसऱ्या नळीत घेतल्या, ओलं फडकं घातलं आणि माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटतं, त्यांना तेव्हाच समजलं.

दुसऱ्या दिवशी पाचला फडकं काढलं. निम्म्याहून जास्त माद्या जाळीला चिकटून बसल्या होत्या. दोघी बोळ्यावर साखरपाणी पीत होत्या. मॅडमनी नळीवर टिचकी मारली तशा सगळ्या उडाल्या आणि परत बसल्या. त्यांनी मोठ्याने मोजलं, मी लिहिलं. मग त्यांनी मार्चचा कागद काढला. अक्षर माझं.

"हे चोवीस तासांनी मोजलेले आहेत?"

मी टोपी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी कागद परत फाइलला लावला. म्हणाल्या, "मृत्यूच्या चौकशीचा अर्ज भरायचा राहिलाय. घरच्यांना विचारून भरावा लागतो. तुम्ही भराल का मी जाऊ?"

मी म्हटलं, मी.

वहिनी ओटीवर रातांबे, कोकमाची फळं, फोडत बसल्या होत्या. मे संपत आला होता, सालं वाळायला हवीत, पाऊस कुणासाठी थांबत नाही. हात मनगटापर्यंत लाल. मी समोर बसलो आणि अर्ज मांडीवर घेतला. छापील प्रश्न होते, ते मी छापलेले होते तसेच वाचले.

"रुग्णाला ताप कधी आला?"

"शनिवारी. तुम्हाला माहीत हाय की."

"लिहावं लागतं, वहिनी. रुग्ण मच्छरदाणी वापरत होता का?"

"होता. तुम्ही दिलेली."

"घराच्या भिंतींवर फवारणी झाली होती का?"

"तुम्हीच आणलेलात ना मानसं. मी चहा केला होता त्यांना." त्यांनी रातांबा फोडला, गर एका टोपात, साल दुसऱ्यात. "भावजी, हे सगळं तुम्हाला पाठ हाय. मला कशाला विचारताय?"

"उपचाराला उशीर का झाला?" मी पुढचा प्रश्न वाचला.

वहिनींनी हातातली साल टोपात टाकली. मग म्हणाल्या, "सोमवारी मी त्यांना डॉक्टरचा कागद काढून दाखवला. चला म्हटलं, गाडी सांगते. तर म्हनाले, तो कागद जुना झाला. आपल्या घरात कागद देनारा मानूस हाय, त्याने यंदाचाच दिलाय, ताजा. सगळे मेलेत म्हनून." त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने कपाळ पुसलं. "मंगळवारीपन तेच म्हनाले. हसत होते."

मी ते लिहिलं नाही. पेन हातात तसंच होतं. म्हटलं, "वहिनी, ते मेलेले नव्हते."

"कोन?"

"डास. मी एका तासाने मोजायचो. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं असतं. मी थांबत नव्हतो. तालमीला जायचो."

त्यांचे हात थांबले नाहीत. तीन-चार रातांबे फोडून झाले. गाई दावणीला होत्या, मांगरातून घरी आणलेल्या. मला वाटलं, आता ओरडतील. मी त्याची वाट बघत होतो असंही म्हणता येईल.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"चार."

"ह्यांना ठावं होतं?"

"नाही."

"हे लिहिलंत त्यात?"

"याला रकाना नाही, वहिनी."

त्या वाकून अर्जाकडे बघायला लागल्या. लाल बोट कागदाला लागू न देता त्यांनी खालची मोकळी जागा दाखवली. "हितं हाय की जागा."

मी तिथे लिहिलं. एका तासाने मोजले, चोवीस तास थांबलो नाही, सगळे मृत असं लिहिलं, घरी तसंच सांगितलं, ताप आल्यावरही तसंच सांगितलं, पिशवीत किट असून रक्त तपासलं नाही. चार ओळी झाल्या.

"वाचा," वहिनी म्हणाल्या.

मी वाचलं. कुणाची नक्कल नाही, आवाज वर नाही, खाली नाही.

"तारीख घाला."

"आजची?"

"आजची कशाला? मोजलेत त्या दिवसाची."

मी मार्चची तारीख घातली आणि खाली सही केली. वहिनींनी सालांचा टोप उचलला आणि अंगणात उन्हात पसरायला गेल्या.